अप्पांनी एकदाच काटा मारला

शिवमूर्ती अप्पांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या वजनावरून. कळंबच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि मी खोली शोधत फिरत होते. खांद्याला पिशवी, हातात बॅग, डोक्यावर ऊन. एका ओट्यावर एक गृहस्थ बसले होते, कपाळाला विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाले, "त्रेपन्न. बॅग धरून एकाहत्तर."

मी तिथूनच परत फिरणार होते. वजन हा विषय मी माझ्या आईलासुद्धा काढू देत नाही. पण आतून त्यांच्या पत्नी, महानंदाकाकू, बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सुम्क कुंद्री." म्हणजे गप बसा. काकूंचं माहेर कर्नाटकातलं. रागावल्या की त्या कानडीत रागवायच्या आणि अप्पा मराठीत गप व्हायचे. मग त्यांनी मला पाणी दिलं, वरची खोली दाखवली आणि मी पुढची चार वर्षं तिथंच राहिले. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन गुपचूप वजन केलं. त्रेपन्न भरलं.

अप्पा कळंबच्या आडत बाजारात पस्तीस वर्षं मापाडी होते. शेतकरी माल आणतो, आडत्या तो विकतो, आणि मधे काट्यापाशी मापाडी उभा असतो. शेतकऱ्याला वाटतं हा आडत्याला सामील आहे, आडत्याला वाटतं शेतकऱ्याला. दोन्ही बाजूंनी सारख्याच शिव्या बसतात याचा अप्पांना अभिमान होता. एका बाजूच्या कमी झाल्या तर समजावं की काटा कुठंतरी कलला, असं ते म्हणत. मग बाजारात बटनांचे काटे आले. त्यांवर आकडा आपोआप दिसतो, मग मापाड्यानं काय काट्याला ओवाळायचं का, असं विचारून अप्पांनी काम सोडलं आणि येताना आपला जुना पाट्याचा काटा, पाट्यावर माल ठेवून दांडीवर वजन सरकवायचा तो, घरी घेऊन आले. लोक जिथं सोफा ठेवतात तिथं, बैठकीच्या खोलीत मधोमध, तो काटा होता. पाहुणे त्याला वळसा घालून बसत.

त्या काट्यावर सगळं चढायचं. गॅसचं सिलिंडर चढायचं आणि सिलिंडरवाला तोवर ओट्यावर हात बांधून बसायचा. दळण जाताना चढायचं आणि येताना चढायचं. माझी सुट्टीहून आणलेली बॅग चढायची, कारण आईनं काय काय दिलं ते अप्पांना वजनावरून ओळखायचं असायचं. फक्त काकूंना काट्यावर उभं करायची त्यांची छाती झाली नाही. एका लग्नात मात्र त्यांनी नवरीच्या मावशीचं वजन तिच्या नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं होतं, आणि त्या घराशी यांचं जेवणखाण दोन वर्षं बंद होतं. अप्पांचं म्हणणं, आकडा बरोबर होता. भांडणाचं कारणही तेच होतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मोजताना अप्पा 'एक' कधीच म्हणत नसत. बाजारातली जुनी रीत अशी की पहिलं माप पडलं की 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. धान्याला ठीक आहे, पण अप्पा सगळंच तसं मोजत. जिन्याच्या पायऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, आलेले पाहुणे. दारात एकटाच कोणी आला तर अप्पा आत सांगत, "लाभ माणूस आलाय." काकू चहा टाकत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, आणि मी भाडेकरू, मी कशाला विचारू? पण एकदा अंगणवाडीच्या ताई काकूंना काहीतरी सांगून गेल्या आणि त्याच दुपारी जेवताना काकूंनी जाहीर केलं की आपण सरकारकडून एक मूल सांभाळायला आणायचं. दत्तक नव्हे. ज्याच्या घरावर काही संकट आलंय अशा मुलाला थोडे दिवस आपल्या घरात ठेवायचं, आपलं म्हणून वाढवायचं आणि घर सावरलं की परत द्यायचं. मी त्या वेळी ताक मागायला खाली आले होते. मला वाटलं, अप्पा उडवून लावतील. अप्पांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला, नीट चावला आणि म्हणाले, "परत द्यायचं असंल तर जमंल. माल आपला न्हाय, आपून फकस्त मापायचं. जलमभर दुसरं काय केलंय म्या?"

अर्ज मी भरला. त्यानंतर धाराशिवहून मुलांच्या ऑफिसातल्या एक मॅडम घर बघायला येणार असल्याचा फोन आला. तपासणी हा शब्द अप्पांच्या कानावर पडला आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं तयारी केली. काट्याला तेल दिलं, दांडी घासली, सगळी वजनं चिंचेनं धुऊन ओळीनं मांडली आणि सरकारी शिक्क्याचा कागद भिंतीवर लावला. बाजारात तपासणीला येणारा इन्स्पेक्टर हेच बघायचा. मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, मूल झोपणार कुठं? अप्पांनी त्यांना पाच किलोचं वजन उचलून त्याच्या बुडाचा शिक्का दाखवला. घरात कोणाला व्यसन आहे का? अप्पांनी दांडी सोडून दाखवली, बघा, मधोमध थांबते. मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग धाराशिवला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. परत आल्यावर अप्पांनी मला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. मूल घाबरून अंथरुणात ओलं करेल, तर रागवायचं नाही. खाणं लपवून ठेवेल, तर चोर म्हणायचं नाही. खोटं बोलेल, कारण खरं बोलून त्याचं आजवर भलं झालेलं नसतं. आई-बाबा म्हण असा आग्रह धरायचा नाही, त्याला त्याची आई असते. शेवटी मॅडमनी सांगितलं होतं की सगळ्यात अवघड असतं ते मूल परत देणं, त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची. त्यावर अप्पांनी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं की त्याची काळजी करू नका, या हातांखालून हजारो पोती गेली, एकासाठीही मी रडलो नाही. काकू शेजारी बसून हे ऐकत होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की पोत्याला पाय नसतात.

मयुरी आली ती सात वर्षांची होती आणि चौदा किलो भरली. वडील नव्हते. आई अणदूरजवळच्या गावची, तिला छातीचा मोठा आजार झाला होता आणि उपचार लांबणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोर अगदीच खंगलेली आहे, निदान अठरा किलो तरी व्हायला हवी. अप्पांनी अठरा हा आकडा खडूनं काट्याच्या दांडीवर लिहिला. त्या दिवसापासून त्या घराचं सगळं त्या आकड्याभोवती चालू लागलं. दर सोमवारी महादेवाला पाणी घालून झालं की मयुरी काट्यावर. गल्लीतल्या बायकांनी काकूंना सांगून पाहिलं की लेकराला असं तोलू नये, नजर लागते. काकूंनी एका पोत्यात दगड भरला आणि आधी तो तोलायला लावला, म्हणजे नजर लागायची तर त्याला लागेल. अप्पांनी तेही केलं. दगड दर सोमवारी साडेसहा किलो भरायचा.

तीन आठवडे मयुरी एक शब्द बोलली नाही. जेवायची मात्र आणि अर्धी भाकरी घेऊन कुठंतरी नाहीशी व्हायची. काकूंना ज्वारीच्या पोत्यामागं सात भाकऱ्या सापडल्या, वाळलेल्या, मुंग्यांनी भरलेल्या. मला वाटलं, आता प्रशिक्षण कामाला येणार. अप्पांनी पोरीसमोर उकिडवं बसून स्टीलचा झाकणाचा डबा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "चोरून ठेवायची तर ह्यात ठेव. मुंग्या लागत न्हाईत. भरला की सांग, दुसरा देतो." मयुरीनं डबा घेतला, झाकण घट्ट बसतं का ते पाहिलं आणि तो उशाशी ठेवून झोपू लागली. दोन महिन्यांनी त्यात भाकरीऐवजी खडू निघाले. माझ्या वर्गातले होते, ते मी ओळखले, पण मीही चोर म्हणाले नाही.

ती बोलली ती अप्पांच्या चुकीमुळे. अप्पा दळणाची ज्वारी मापानं मोजून घेत होते, 'लाभ, दोन, तीन' चाललं होतं आणि मधेच फोन आला. फोन ठेवल्यावर अप्पांना आकडा आठवेना. पस्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. ते सगळं धान्य परत पोत्यात ओतायला निघाले तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "नऊ झाले." अप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. पोर बिचकेल म्हणून ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "बरं." आणि दहावं माप घातलं. संध्याकाळी मला मात्र त्यांनी ते तीनदा सांगितलं.

पुढं ती बोलायची थांबेना, आणि त्याचा त्रास मला झाला. मी तिची वर्गशिक्षिका होते. दोनाच्या आधी काय येतं असं विचारलं की मयुरी उभी राहून खणखणीत 'लाभ' म्हणायची. महिनाभरात अर्धा वर्ग तसं म्हणू लागला. एकदा बाहेरून साहेब शाळा बघायला आले आणि त्यांनी नेमकं तिलाच विचारलं, "बाळ, तुमच्या गावात नदी किती?" "लाभ." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं. घरी येऊन मी अप्पांना चांगलं झापलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं, मयुरीला बोलावलं आणि सांगितलं की शाळेत 'एक' म्हणायचं, घरी 'लाभ'. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पर बाई, नुसतं एक म्हणलं की लई एकटं वाटतं."

थंडी संपता संपता मयुरी अठरावर गेली. अप्पांनी गल्लीत साखर वाटली. बाजारात जाऊन जुन्या आडत्यांना वाटली, बस स्टँडवर रिक्षावाल्यांना वाटली. कशाची साखर म्हणून कोणी विचारलं की ते नुसतं 'अठरा' म्हणायचे. लोकांना काही कळायचं नाही, पण साखर खायचे.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मॅडमचा फोन आला. मयुरीची आई बरी झाली होती. भावाच्या आधारानं गावातच राहणार होती आणि तिनं लेक मागितली होती. मॅडम येऊन एकदा मुलीला बघणार होत्या, मग समिती ठरवणार होती. अप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, चांगलं झालं. दिवसभर ते प्रत्येकाला चांगलं झालं, चांगलं झालं असं सांगत होते. सोमवारच्या तोलासाठी ते दर रविवारी दांडीला तेल घालत, त्या रविवारी घातलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा मी जिन्यात उभी होते. मयुरीनं त्यांना आपली वही दाखवली, डबा दाखवला. मग मॅडम म्हणाल्या, वजन बघू या. मयुरी सवयीनं पळत जाऊन काट्यावर उभी राहिली. अप्पा पुढं झाले. पोर पडेल म्हणून त्यांनी तिच्या काखेत हात घातला. ती कधी पडली नव्हती. दुसऱ्या हातानं त्यांनी दांडीवरचं वजन सरकवलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "सतरा."

मला आधी वाटलं, त्यांना दिसलं नसेल. गेल्या सोमवारी ती साडेएकोणीस भरली होती. काकूंनी दारातूनच नवऱ्याकडं पाहिलं आणि काकूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला कळलं. अप्पा दांडीवरून नजर उचलत नव्हते. त्यांच्या कपाळावरून घाम विभूतीतून खाली येत होता. मॅडमनी पेन काढलं.

"अप्पा, तुमचा हात हाय ना माझ्या काखंत," मयुरी म्हणाली. तिनं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. तोलताना पाय लागला, हात लागला, पदर अडकला तर सांगायचं असतं, हे तिला अप्पांनीच शिकवलं होतं.

अप्पांनी हात काढला. दांडी टक्कन वर गेली. त्यांनी वजन सरकवत नेलं, दांडी मधोमध आणली आणि वाचलं, "साडेएकोणीस." मग ते सरळ उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "म्याडम, काटा मारला म्या. पस्तीस वर्सांत पयल्यांदा. लिवून घ्या."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "अप्पा, मी काय लिहू? मुलगी छान वाढली आहे, एवढंच लिहिणार."

"तेच लिवू नका," अप्पा म्हणाले.

मयुरी काट्यावर तशीच उभी राहून आळीपाळीनं सगळ्यांकडं बघत होती. मला इतकं रडू आलं की मी जिन्यावरून वर निघून गेले. काकूंनी मॅडमना चहा दिला आणि नवऱ्याला कानडीत काही म्हणाल्या नाहीत. अप्पांना तेच जास्त लागलं, असं ते नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अप्पा टोपी न घालता बाजारात गेले आणि काट्याकाट्यापाशी जाऊन स्वतःच सांगून आले की मी काटा मारला. त्यांना वाटत होतं, लोक पस्तीस वर्षांचा हिशेब काढतील. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसला आणि म्हणाला, "अप्पा, आज माझा संशय फिटला. तुमी आमच्या टायमाला खरंच मारत नव्हता. तुमाला मारताच येत न्हाय." अप्पा ते ऐकून घरी आले आणि टोपी घातली.

समितीनं मयुरीला आईकडं द्यायचं ठरवलं. ठरायलाच हवं होतं, अप्पांनाही ते माहीत होतं. ज्या दिवशी धाराशिवला जायचं होतं त्या दिवशी त्यांनी मलाही रजा काढायला लावली. कागद वाचायला, असं म्हणाले. खरं तर काकूंना परत आणायला कोणीतरी हवं होतं. ऑफिसात मयुरीची आई आधीच येऊन बसली होती. कृश, डोळे मोठे, पदर दोन्ही हातांनी धरलेला. अप्पांनी तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांना आकडा दिसला असणारच, पण त्यांनी तो गिळला. मयुरी आईजवळ गेली, थोडी लांब उभी राहिली आणि मग एकदम तिच्या पदरात शिरली. आम्ही तिघं भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. तो लसीकरणाचा होता.

स्टँडवर अणदूरकडची गाडी लागलेली होती. अप्पांनी मयुरीची मोठी पिशवी उचलली आणि ती वर ठेवायला गाडीत चढले. पिशवी ठेवली. मग ते आईला सांगू लागले. ताप आला की ती सांगत नाही, कान धरून बसते. दूध नको म्हणते, पण कपात न देता वाटीत दिलं की पिते. केस विंचरताना मागून सुरुवात कर. अंधारात एकटी जात नाही, पण तसं म्हटलेलं तिला आवडत नाही. ती बाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती आणि मयुरी खिडकीतून काकूंचं बोट धरून बसली होती. कंडक्टर चढला. त्यानं सोडायला आलेल्यांना उतरायला सांगितलं. दोघं-तिघं उतरले. अप्पा बोलतच होते. बेल वाजली.

"अप्पा, गाडी सुटली," मी ओरडले आणि पुढं धावले. काकूंनी माझा हात धरला.

"राहू द्या, बाई. उतरत न्हाईत ते. त्यांचं धोतर आन् गोळ्या मयुरीच्याच पिशवीत घातल्यात म्या सकाळी."

अप्पा तिसऱ्या दिवशी परत आल्याचं काकूंनी मला फोनवर सांगितलं. मी तोवर सुट्टीला घरी गेले होते, आणि त्या सुट्टीतच माझी बदली झाली. त्यामुळं अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी स्टँडवरच. गाडी फाटकातून वळली तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या होत्या, तरी ते उभेच होते, बोटांवर मोजून काहीतरी सांगत होते, आणि मयुरीची आई मान वर करून ऐकत होती.